आईला विचारलंच नाही

नांदेड-लातूरच्या माणसाला परदेशात जायचं तर बहुधा हैदराबाद सोयीचं पडतं. मुंबई म्हणजे सहाशे किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. शमशाबादचा विमानतळ तीनशेच्या आसपास. नांदेडची माणसं देगलूर-संगारेड्डीवरून जातात, लातूरची उमरगा-जहिराबादवरून किंवा बीदरवरून. त्यामुळे आमच्याकडची दुबई, सिंगापूर, अमेरिका शमशाबादला सुरू होते आणि शमशाबादलाच संपते, असं आपण मनात धरून चालतो. ती तिथं संपत नाही. विमानातून उतरल्यावर अजून पाच-सहा तासांचा रस्ता उरलेला असतो, आणि त्या गाडीत बसणारं म्हातारं माणूस आठवडाभर फिरून आधीच थकलेलं असतं.

2024 च्या दिवाळीनंतर मी आणि बायकोने आईला दुबईला नेलं होतं. जाण्याची तयारी मी महिनाभर केली. व्हिसा, विमा, हॉटेल, कुठल्या दिवशी काय बघायचं, सगळं वहीत लिहून काढलं होतं. येण्याच्या पानावर फक्त विमानाची वेळ होती. शेवटच्या दिवसांत आणि परतीच्या वाटेवर मी जे वागलो ते आधी ताईला सांगितलं. आता लिहितोय, कारण आमच्याकडे आई-वडिलांना एकदा विमानात बसवून आणायची मोठी हौस आली आहे, आणि ती हौस चांगलीच आहे. माझ्या कॉलेजातले निम्मे सहकारी पुढेमागे याच वाटेने जाणार आहेत. त्यांनी हे वाचावं.

आई लातूरला असते, गंजगोलाईपासून जवळच, ताईच्या शेजारी. वय सत्तरीच्या पुढे. साखरेचा आजार जुना आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. तिचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे आईची हिंदी हैदराबादी वळणाची आणि अगदी सफाईदार. शमशाबादला पोचल्याबरोबर ती सफाई कामगार बायकांशी बोलायला लागली, तेव्हा मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

तिकीट काढताना एजंटने विचारलं होतं, "सर, माताजींसाठी व्हीलचेअर टाकू का? पैसे लागत नाहीत, फक्त आधी सांगावं लागतं." मी म्हणालो, नको, आई ठणठणीत आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबई विमानतळावर घडलेली गोष्ट मी वर्तमानपत्रात वाचली होती. न्यूयॉर्कहून आलेल्या 80 वर्षांच्या एका गृहस्थांसाठी आणि त्यांच्या पत्नीसाठी खुर्च्या सांगितलेल्या होत्या. आली एकच. तिच्यात पत्नी बसली, ते सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. हे सगळं मी वाचलं होतं, स्टाफरूममध्ये त्यावर तावातावाने बोललोही होतो. आणि तरी आईच्या वेळी मला वाटलं ते एवढंच, की खुर्चीत बसलेली आई फोटोत बरी दिसणार नाही. आईला विचारावं, हे डोक्यातही आलं नाही.

पहिले दिवस छान गेले. अबुधाबीचं ते गुलाबी दगडाचं नवं मंदिर तिला फार आवडलं. त्याच फेब्रुवारीत ते उघडलं होतं. खांबांवरच्या कोरीवकामावरून ती हात फिरवत राहिली. खाडी ओलांडणाऱ्या एका दिरहमच्या लाकडी नावेतही ती खूश होती.

बिघडलं ते शेवटी. परत जायचं म्हटल्यावर मला एकदम राहिलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. एवढे पैसे घालून आलोय, मग हे कसं सोडायचं, तेही कसं सोडायचं. शेवटच्या दिवशी सकाळी मीना बाजार, दुपारी देरा, संध्याकाळी दुबई मॉल आणि बुर्ज खलिफाचं कारंजं, असं मी ठरवून टाकलं. मेट्रोने गेलो, कारण टॅक्सीचे पैसे वाचतात. पण त्या स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल पाऊण किलोमीटरहून लांब आहे. मध्ये सरकते पट्टे आहेत, पण आईला त्यांवर पाय ठेवायची भीती वाटायची, म्हणून ती कडेने चालत राहिली. बायको दोनदा म्हणाली, "आई दमल्यात हो, आपण इथं बसू." मी म्हणालो, कारंजं सुरू होईल, पुढं जाऊन बसू. पुढं बसायला जागा नव्हती. रेलिंगला धरून आई उभी राहिली आणि 828 मीटरच्या त्या इमारतीकडे मान वर करून बघत राहिली. मी फोटो काढला. त्यात ती हसतेय. तिच्या चपलांच्या पट्ट्या पायांत रुतलेल्या दिसतात, ते मी लातूरला परत आल्यावर पाहिलं.

दुपारी देरामध्ये सोनं घेतलं होतं. आमच्याकडून दुबईला जाणारा सोनं न घेता येत नाही. मलाही दोन बांगड्या घ्यायच्या होत्या, मुलीच्या लग्नासाठी. आता सांगतो, त्यात हिशेबही नव्हता. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे दुबईचा भाव आणि नांदेडच्या सराफ्यातला भाव यांतलं अंतर पूर्वीसारखं राहिलंच नव्हतं. घडणावळ धरली तर हातात फारसं काही उरत नव्हतं. पण "दुबईचं सोनं" हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आमच्याकडे सगळे सांगतात, बाईच्या अंगावर 40 ग्रॅम चालतं. अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे ही. ती सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परत येणाऱ्यांसाठी आहे. आठवडाभर फिरून येणाऱ्याला ती नाही. आणि घरून अंगावर घालून नेलेलं जुनं सोनं असेल, तर जाताना विमानतळावर कस्टमकडून त्याचा दाखला करून घ्यावा, म्हणजे येताना वाद होत नाही. आईच्या हातात लग्नातल्या पाटल्या होत्या. त्यांचा दाखला मी घेतला नव्हता. नियम मला पूर्ण माहीत नव्हते हे खरं. पण काहीतरी द्यावं लागू शकतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. नसतं, तर पुढचं मी केलंच नसतं.

निघायच्या सकाळी हॉटेलात मी त्या दोन बांगड्या डबीतून काढल्या आणि आईच्या हातात, पाटल्यांच्या मागे चढवल्या. घट्ट होत्या, म्हणून बायकोने थोडा साबण लावला. आई म्हणाली, "मला कामून रे? पोरीच्या हायत ना?" मी म्हणालो, "घाल गं, बॅगेत हरवतील." ती हात पुढे-मागे करून बघत राहिली. तिला आनंद झाला होता. मी तिला खरं सांगितलं नाही.

बॅगा भरताना दुसरी चूक झाली, आणि ती जास्त महागात पडू शकली असती. ताईने जाताना इन्सुलिनची पेनं, सुया, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी आईच्या हातातल्या पिशवीत ठेवून दिली होती. येताना ती पिशवी मला खजूर, चॉकलेटं आणि अत्तरासाठी हवी होती. वजनाचा काटा मोठ्या बॅगांना तीस किलोच्या वर दाखवत होता. पेनं हलकी, म्हणून ती मी मोठ्या बॅगेत टाकली. हातातल्या सामानात द्रव पदार्थ अडवतात असंही कारण मी स्वतःला दिलं. ते कारण खोटं आहे. शंभर मिलिलिटरचा नियम इन्सुलिनला आड येत नाही. चिठ्ठी असली की ते जवळ ठेवू देतात, आणि जवळच ठेवायचं असतं. विमानाच्या पोटात थंडीने ते गोठून निकामी होऊ शकतं, आणि बॅग चुकली तर माणूस औषधाविना राहतो. चार-सहा किलो खजुरासाठी मी आईचं औषध तिच्यापासून लांब केलं.

विमानतळावर लवकर पोचलो, कारण व्हॅट परत घ्यायचा होता. तिथे खरेदीवर पाच टक्के कर असतो आणि पर्यटकाला त्यातला बराचसा भाग परत मिळतो. पण बॅगा देण्याआधी त्या खिडकीवर बिलं दाखवावी लागतात. रांग लांब होती. बांगड्या आईच्या हातात, आणि कुणी वस्तू दाखवा म्हणालं तर त्या दाखवाव्या लागतील म्हणून आईला सोबत उभं राहणं भाग पडलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. रांगेतल्या केरळच्या एका मुलाने तिला स्वतःच्या ट्रॉलीवर बसवलं. मी तो मुलगा जवळ आल्यावर बाजूला सरकलो, एवढंच केलं. हे सगळं जवळजवळ तासभर.

मग विमान लेट झालं. दुपारचं विमान संध्याकाळनंतर सुटलं. आईची इन्सुलिनची वेळ विमानात येऊन गेली. तिने विचारलं, "सुई?" मी म्हणालो, खालच्या बॅगेत आहे, एक वेळ चुकली तर काही होत नाही. ती जेवली, कारण ताटातलं टाकायचं नाही ही तिची जुनी सवय. उतरेपर्यंत ती पाणी मागत होती आणि सारखी बाथरूमला जात होती. शमशाबादला इमिग्रेशनच्या रांगेत तर तिला दोनदा रांग सोडून जावं लागलं. तिथे एका कर्मचाऱ्याने खुर्ची आणू का विचारलं. या वेळी मी नाही म्हणालो नाही. पण आईच म्हणाली, नको, माझ्या लेकाला चालत नाही.

तिनं तिकिटाच्या वेळचं माझं बोलणं ऐकलं होतं.

बॅगा घेऊन आम्ही हिरव्या मार्गाकडे निघालो, म्हणजे ज्यांच्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही त्यांच्या वाटेकडे. दाराशी कस्टमचा एक तरुण अधिकारी उभा होता. आईला बघून तो हसला आणि अगदी अदबीने म्हणाला, "अम्मा, ये कंगन कब के हैं?"

आईने दोन्ही हात पुढे केले. "ये मोटे वाले मेरे शादी के. ये दो कल लिये, बेटे ने दिलाए. अच्छे हैं ना?"

तो म्हणाला, "बहुत अच्छे हैं अम्मा." मग माझ्याकडे वळला. "सर, आप इधर आइए."

पुढचं त्याने नियमाने केलं. लाल मार्गाच्या टेबलावर बसवलं, बिल मागितलं. बिल माझ्या नावावर, माझ्याच खिशात, व्हॅटच्या कागदाला टाचलेलं होतं. दुबईत मी हे सोनं इथून बाहेर नेतोय म्हणून सही केली होती आणि हैदराबादला ते सोनं नाहीच असं दाखवायला निघालो होतो. त्याने आवाज चढवला नाही. आईच्या पाटल्यांची झीज बघून त्या जुन्या आहेत हे मान्य केलं, पुढच्या वेळी दाखला घ्या म्हणाला. नव्या बांगड्यांवर बॅगेजच्या चढ्या दराने ड्युटी भरायला लावली. दुबईत वाचवलेलं सगळं त्यात गेलं आणि वरून आणखी बरंच गेलं.

पैशाचं मी विसरू शकतो. जे विसरता येत नाही ते त्यानंतरचं आहे. मला त्या वेळी राग आला तो आईचा. पार्किंगपर्यंत मी गप्प होतो. गाडीत बसल्यावर म्हणालो, "आई, एवढं बोलायची काय गरज होती? विचारलं तर जुने म्हणायचं." बायकोने माझा हात दाबला, तरी मी बोललो. आई काही म्हणाली नाही. अंधारात तिने बांगड्या काढायला सुरुवात केली. हात सुजले होते, त्या निघत नव्हत्या. ती बराच वेळ ओढत होती. शेवटी पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी मनगटावर घेतलं, एकेक बांगडी फिरवत काढली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली. इन्सुलिन त्या वेळी गाडीच्या डिकीत होतं. ते काढून आईला द्यावं, हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. माझ्या रागाने गाडीतलं बाकी सगळं बाजूला पडलं होतं.

मध्यरात्र झाली होती. शमशाबादला राहायला हवं होतं. विमानतळाजवळ लॉज आहेत, ड्रायव्हर दुपारपासून पार्किंगमध्ये ताटकळलेला होता, आईची ही अवस्था. पण दुसऱ्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती आणि ड्युटी भरल्यावर लॉजचे पैसे मला जास्त वाटत होते. निघालो. रिंग रोड, पटनचेरू, संगारेड्डी, जहिराबाद, मग कर्नाटकात हुमनाबाद. एका रात्रीत तीन राज्यं. हुमनाबादच्या अलीकडे गाडी डांबर सोडून कडेच्या खडीवर गेली, चाकांचा आवाज बदलला आणि ड्रायव्हर दचकून सावरला. समोरून ट्रक येत नव्हता म्हणून मी आज हे लिहितोय. मी त्याला म्हणालो, चल, आता थोडंच राहिलंय. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, मला नाही, त्याला. "थांबव बाबा. घरी तुजी बी माय वाट बघायली." ढाब्यावर त्याला चहा पाजला, अर्धा तास झोपू दिलं. ते मी करायला हवं होतं.

उमरग्याहून औशाकडे निघालो, किल्लारी पाटी आली. पहाट झाली नव्हती. आई जागीच होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, झोप ना जरा. ती म्हणाली, "ह्या टायमाला मला कुठं झोप ऱ्हाती."

1993 साली 30 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीची रात्र उलटताना, 3 वाजून 56 मिनिटांनी इथली जमीन हलली. गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा भार, घरंच्या घरं माणसांवर बसली. आईचं माहेर त्याच पट्ट्यातलं. तिची धाकटी बहीण त्यात गेली. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो. हे सगळं मला माहीत होतं. आई पहाटे लवकर उठते हेही माहीत होतं. मी ते म्हातारपणाची झोप म्हणून सोडून दिलं होतं. भूकंपाच्या वर्षी ती पंचेचाळीशीचीही नव्हती, हा साधा हिशेब मी कधी केला नाही.

आपले चार वाजतात तेव्हा दुबईत अडीच वाजलेले असतात. मी विचारलं, "तिथं पण जाग यायची?"

"येतीच की."

"मग काय करायचीस?"

"बसायचे. तुम्ही दोघं झोपलेले. दिवा लावला तर सून उठल. खिडकीतून गाड्या बघायचे."

रोज अडीच वाजता उठलेल्या बाईला आम्ही रात्री अकरापर्यंत फिरवत होतो. एकाच खोलीत होतो आणि मला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिनेही सांगितलं नाही, कारण माझ्या वहीतला दिवस मोडला असता.

लातूरला पोचलो तेव्हा उजाडत होतं. ताईने दार उघडलं आणि आईचा चेहरा बघून आधी साखर तपासली. चारशेच्या वर होती. तिने विचारलं, इन्सुलिन कधी दिलं? मी गप्प राहिलो. आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी कमी झालंय, अजून उशीर केला असता तर अवघड होतं. परीक्षेच्या ड्युटीला मी गेलो नाही, आणि माझ्यावाचून परीक्षा व्यवस्थित झाली.

ताई बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती. तिचं म्हणणं, आईला आता लांब कुठं न्यायचं नाही. मला सुरुवातीला ते पटलं होतं, आता पटत नाही, कारण तेही आईला न विचारताच ठरवलेलं आहे. आईला विचारलं तर ती म्हणते, अबुधाबीचं मंदिर परत बघायचंय, आणि या वेळी सावकाश.

चैत्रात ती नांदेडला आमच्याकडे राहायला आली. एका दुपारी ती शेंगा फोडत बसली होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसलो आणि त्या बांगड्या तिच्या हातात का घातल्या होत्या, ते पहिल्यांदा नीट सांगितलं. चुकलो म्हणालो. गाडीत जे बोललो त्याबद्दलही.

तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. "मला आधी सांगितलं असतंस तर मी घातल्याच नसत्या," ती म्हणाली. "आन् तुलाबी घेऊ दिल्या नसत्या. तेवढ्यात ताईच्या लेकीची क्लासची फी भागली असती."